बोअरच्या पोटात दुर्बीण



घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पोटात दुखायला लागले की डॉक्टर आधी विचारतो, दुर्बीण घालून पाहिली का? आत पाहिल्याशिवाय तो चाकू हातात घेत नाही, आणि घेतला तर आपण चार माणसे त्याला जाब विचारायला जातो. आपल्या वावरातल्या बोअरचे पोट बिघडले की मात्र आपण बोअरवाल्याला बोलावतो. तो गाडीवरून न उतरता सांगतो, "भाऊ, अजून शंभर फूट खाली जावं लागते." आपण मान हलवतो. सोसायटीचे कर्ज आधीच थकलेले असते, म्हणून सावकाराकडे जातो, नाहीतर बायकोच्या अंगावरचे काढतो. शंभर फूट खाली जाऊन धूळ निघते. मग तोच माणूस म्हणतो, "ही जागाच खराब आहे, धुऱ्याजवळ दुसरा मारू."

आमचे म्हणणे एवढेच आहे की बोअरवर दुसरा रुपया लावण्याआधी त्याच्या आत डोळा गेला पाहिजे, आणि तो डोळा आपला असला पाहिजे.

आपल्या आजोबांनी विहीर फोडली तेव्हा हा प्रश्न नव्हता. माती किती हात, मुरूम किती, पाषाण कुठे लागला, कोणत्या कपारीतून झरा फुटला, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. विहीर फोडणाऱ्याचे पैसे परसाने मोजून दिले जात, आणि परस मोजायला मालक स्वतः आत उतरे. गाळ काढायला दर दोन-चार वर्षांनी माणसे उतरत, तेव्हा झरा बुजला की जिवंत आहे ते पुन्हा दिसे. आपल्या कळंबच्या चिंतामणीलाही पायऱ्या उतरूनच जावे लागते. तिथल्या कुंडाचे पाणी चढले की उतरले हे गावात सगळ्यांना माहीत असते. पण आपल्याच वावरातल्या बोअरचे पाणी आज किती फुटांवर आहे असे विचारले, तर दहातले नऊ मालक आकाशाकडे पाहतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअरची यंत्रे गावोगाव फिरू लागली. पिण्याच्या पाण्यासाठी ती उपकारच ठरली. जालना आणि सोलापूरकडे मिशनच्या लोकांनी सुधारलेल्या हातपंपांच्या अनुभवातून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क दोन हा पंप तयार झाला, हेही खरे. पण सहा-साडेसहा इंचांच्या भोकात माणूस उतरत नाही, आणि जिथे मालकाला दिसत नाही तिथे बोलणाऱ्याचे चालते. विहिरीपासून बोअरपर्यंत येताना आपण खोली मिळवली आणि नजर गमावली. नजर गेल्याची किंमत किती, हे ज्याच्या वावरात तीन कोरडे बोअर आहेत त्याला विचारा.

ही नजर परत मिळवण्याचे साधन आता आहे. मनगटाएवढ्या जाडीचा, पाणी आत न शिरणारा कॅमेरा, त्याच्या भोवती बारीक दिव्यांचे कडे, वर केबलचे रीळ आणि एक पडदा. केबल जसजशी सुटते तसतसा पडद्यावर फुटांचा किंवा मीटरचा आकडा चढत जातो. काही कॅमेरे फक्त खाली पाहतात. चांगले असतील ते मान वळवून भिंतही दाखवतात. असा कॅमेरा घेऊन फिरणारे लोक आता महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी मिळतात.

ही काही जादू नव्हे. अरुंद जागेत नजर घालण्याच्या विद्येत आपल्या देशातल्या माणसाचाही हात आहे. मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या केसाएवढ्या तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते हे दाखवले आणि १९५४ साली ते छापले. पोटात घालायची वाकणारी दुर्बीण त्यातूनच निघाली. अलीकडचे उदाहरण तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तरकाशीजवळ सिलक्याराचा बोगदा ढासळला आणि ४१ मजूर आत अडकले. ढिगाऱ्यातून सहा इंचांचा पाइप आत गेला, त्यातून कॅमेरा सरकवला, आणि नवव्या-दहाव्या दिवशी त्या माणसांचे चेहरे बाहेरच्यांना दिसले. २८ नोव्हेंबरला सगळे जिवंत बाहेर आले. तो पाइप आपल्या बोअरएवढाच होता.

आता आपल्या भागात हा कॅमेरा काय दाखवतो ते नीट पाहू. कळंब भागाखाली मुख्यतः काळा पाषाण आहे, लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेला. वर काळी माती, मग मुरूम. केसिंग इथपर्यंत हवी आणि पुढे टणक दगडात दोन-चार फूट रुतलेली हवी. त्याखाली कुठे घट्ट, गुळगुळीत, शिशासारखी काळी भिंत येते. तिथे पाण्याची आशा फार धरू नये. कुठे पांढऱ्या दाण्यांनी भरलेला जाळीदार दगड येतो. कुठे दोन थरांच्या मध्ये लाल गेरूसारखा पट्टा दिसतो. तो मऊ असतो, पाण्याने फुगतो, ढासळतो आणि बोअरात पोकळी करतो. आणि कुठे आडवी किंवा उभी भेग असते, तिच्यातून पाण्याची धार भिंतीवरून खाली येताना दिसते. तो आपला झरा. त्याचा फुटांचा आकडा कागदावर लिहून ठेवायचा. जमिनीचा सातबारा जसा जपतो तसा तो कागद जपायचा.

कळंबजवळच्या एका गावात आम्ही असाच एक बोअर पाहिला. पाणी दोन वर्षांत अर्ध्यावर आले होते आणि मोटर गढूळ पाणी फेकत होती. दीडशे फूट खोल करण्याचा सल्ला मिळाला होता आणि पैशांची जुळवाजुळवही झाली होती. कॅमेरा खाली सोडला तर केसिंग मुरुमातच संपलेली. तिच्याखाली सात-आठ फूट उघडा मुरूम, आणि तो सुटून आत पडत होता. तळ भरत भरत खालच्या झऱ्याच्या वर आला होता. झरा मेला नव्हता, गाडला गेला होता. दगडात पोचेल अशी बारीक केसिंग आतून उतरवली आणि बोअर हवेने साफ करून घेतला. आणखी खोल जाण्याची गरजच पडली नाही. पहिल्या दिवशी केसिंग किती फूट हवी होती आणि किती टाकली, याचे उत्तर बिल करणाऱ्याने अजून दिलेले नाही.

"अजून शंभर फूट" या मंत्राचा हिशेबही एकदा मांडून टाकू. साडेसहा इंच व्यासाच्या बोअरच्या एका फुटात साडेसहा लिटर पाणी मावते. म्हणजे खाली झरा लागला नाही तर शंभर फूट खोली वाढवून आपण ६५० लिटरची टाकी विकत घेतो. तीन ड्रम आणि वर थोडे. एक एकर पराटीला दोन इंचांचे एक पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. खोली म्हणजे पाणी नव्हे. पाणी झऱ्यात असते, आणि झरा कुठे आहे हे पाहिल्याशिवाय खोली वाढवणे म्हणजे खिसा फाटलेला असताना दुसरा सदरा शिवणे आहे.

आणखी एक आकडा. आपल्या झिजलेल्या पाषाणात मोकळे होऊ शकणारे पाणी भूजलाच्या हिशेबात दोन टक्क्यांच्या आसपास धरतात. एका हेक्टरखालचा एक मीटर जाडीचा भिजलेला थर पूर्ण पिळला तर दोन लाख लिटर, म्हणजे एका एकराचे एक पाणी. यवतमाळात पाऊस सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तो काही थोडा नाही. पण दगडाचे पोटच लहान आहे. त्यामुळे डिसेंबरात पराटीला दोन आणि ज्वारीला एक पाणी मिळाले तरी बोअरने आपले काम केले असे समजावे. बारमाही उसाची स्वप्ने दाखवणाऱ्याला धुऱ्यावरूनच परत पाठवावे.

कॅमेरा येईपर्यंत बिनपैशाची दोन साधने घरातच आहेत. एक आरसा. ऊन स्वच्छ असताना हातआरशाने उन्हाचा कवडसा बोअरात टाका. केसिंग सरळ आहे का, तिचा जोड फाटला आहे का, बाभळीची मुळे आत शिरली आहेत का, पाणी कुठे चमकते, हे बऱ्याचदा दिसते. जुने बोअरवाले हेच करीत. दुसरे साधन दोरी. टोकाला वजन बांधा, दर दहा फुटांना गाठ मारा. बोअर मारून झाला त्याच दिवशी, यंत्र हलण्याआधी, बोअरवाल्याच्या समोर दोरी तळाला टेकवा आणि मग बिलावर बोला. मारताना रॉड किती उतरले ते स्वतः मोजा, एका रॉडची लांबी आधी विचारून ठेवा, आणि दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या पुडीत बांधा. चुऱ्याचा रंग बदलला म्हणजे थर बदलला. यात शास्त्रज्ञ लागत नाही. घरातली मुलगी आठवी शिकलेली असेल तर ती आपल्यापेक्षा चांगले लिहील.

त्याच दिवशी मोजा असे आम्ही मुद्दाम म्हणतो. सहा महिन्यांनी तीनशेचा बोअर दोनशे सत्तर भरला म्हणून बोअरवाल्याची कॉलर धरू नये. तो गाळही असू शकतो. कॅमेऱ्यात हा फरक बहुधा कळतो. तळाशी चिखल, खडे, तुटलेले तुकडे दिसले तर बोअर भरला आहे. कोरा टणक दगड आणि त्यावर बिटाची खूण दिसली तर तेवढाच मारला आहे. प्रामाणिक बोअरवाल्याला या कॅमेऱ्याची भीती नाही. उलट लबाडाने पाडलेल्या भावाशी त्याला स्पर्धा करावी लागते, ती यामुळे थांबेल.

अडकलेल्या मोटरीचेही तेच. दोर तुटला, पाइप सुटला, की गावातले सगळे उत्साही लोक गळ घेऊन येतात आणि आंधळेपणी ओढतात. त्यात केसिंग फाटते, केबल तुटते आणि बोअरच बाद होतो. पाइपचे तोंड कोणत्या बाजूला टेकले आहे आणि दगड कुठे अडकला आहे हे आधी दिसले, तर गळ टाकायची दिशा कळते. दरवेळी निघेलच असे नाही. पण निघणार नसेल तर तेही आधी कळते.

आता कॅमेऱ्याच्या मर्यादा. नाहीतर उद्या याचाही एक नवा धंदा आपल्या डोक्यावर बसेल. नवा बोअर कुठे मारावा हे कॅमेरा सांगत नाही. तो मारलेल्या भोकाची गोष्ट सांगतो. पाणाड्याच्या नारळाबद्दल आज बोलत नाही, तो वेगळा लेख होईल. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा असतो, म्हणून आधी एक-दोन दिवस मोटर बंद हवी. मोटर वर काढल्याशिवाय तो नीट उतरत नाही, आणि मोटर काढायला-बसवायला खर्च येतो. त्यामुळे मोटर दुरुस्तीला निघेल तेव्हाच कॅमेरा बोलवावा. आमच्या मते एप्रिल-मे हा चांगला काळ. पाणी खाली गेलेले असते, वरची भिंत उघडी असते, आणि उन्हाळ्यातही जो झरा ओला आहे तो खरा झरा. शक्य असेल तर ऑक्टोबरात पुन्हा पाहावे. दोन्हींत फरक किती, त्यावरून पावसाचे पाणी कोणत्या फुटावर आत येते ते समजते.

पाणी पिण्याजोगे आहे का, हेही कॅमेरा सांगत नाही. आपल्याच जिल्ह्यात पांढरकवडा-झरीकडे काचेसारख्या स्वच्छ पाण्यात फ्लोराइड आहे आणि त्याने पोरांचे दात पिवळे पडले आहेत. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेले पाणी पिऊ नये. ते फक्त तपासणीतच कळते. पिण्याचा बोअर असेल तर पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवणे टाळू नका.

आणि कॅमेरावाला म्हणजे देव नव्हे. त्याची बोअरवाल्याशी भागीदारी असू शकते. म्हणून पडद्यासमोर मालकाने स्वतः बसावे, शेजारच्या दोघांना बसवावे. फुटांच्या आकड्यासकट पूर्ण चित्रण आपल्या मोबाइलमध्ये घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. तुकडा नको, वरपासून तळापर्यंत सगळे हवे. आणि त्याने काय करायला सांगितले ते त्याच दिवशी करू नये.

एकट्या माणसाने हे केले तर त्याचा एक बोअर सुधारेल. गावाने मिळून केले तर वेगळीच गोष्ट हाती लागते. आपल्या पाषाणाचे थर पुष्कळसे आडवे पसरलेले आहेत. नाल्याकाठच्या वावरात जो जाळीदार थर साठ फुटांवर दिसला, तोच वीस फूट उंच असलेल्या शेजारच्या वावरात ऐंशीच्या आसपास भेटण्याचा संभव असतो. उभ्या भेगांचा नियम वेगळा आहे, त्या कुठेही असतात, म्हणून हे गणित दरवेळी जुळेलच असे नाही. तरी एका गावातले चाळीस-पन्नास बोअर पाहून त्यांची नोंद एका वहीत केली तर कोणत्या थरात पाणी आहे, कोणता थर कोरडा आहे आणि कुठल्या खोलीच्या पुढे जाणे व्यर्थ आहे, हे गावाचे गावाला कळेल. कोरडा बोअरही या वहीत उपयोगी पडतो. आज तो फक्त कर्ज म्हणून शिल्लक राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात मोजते. त्या विहिरी मोजक्याच असतात. आपल्या वहीत गावातला प्रत्येक बोअर असेल. त्याच चार महिन्यांत आपणही दोरी टाकली तर आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून बोलता येईल. कचेरीत गेल्यावर हात जोडण्यापेक्षा वही उघडणे बरे.

कायद्याचेही थोडे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा आहे. त्यात ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, आणि त्यापुढच्या विहिरीला खोल विहीर म्हटले आहे. बोअरची यंत्रे चालवणाऱ्यांची नोंदणीही त्यात आहे. शेतकऱ्याला बंधन घालण्यात सरकारला फार रस, यंत्रवाल्याची नोंद पाहण्यात कमी. आपण यंत्र वावरात शिरण्याआधी नोंदणीचा कागद मागायला लागलो तर कायद्याचा तेवढा तरी उपयोग होईल. बिलावर खोली, केसिंगची लांबी आणि पाणी लागल्याचे फूट लिहून, सही करून मागणे हा आपला हक्क आहे. "पक्के बिल नाही" म्हणणाऱ्याला "मग यंत्र नाही" एवढेच उत्तर.

आणि जो बोअर बाद झाला तो त्याच आठवड्यात बंद करा. जुलै २००६ मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात प्रिन्स नावाचे लहान पोर उघड्या बोअरात पडले. सैन्याने बाजूने खड्डा खणून त्याला जिवंत काढले, आणि आत सोडलेल्या कॅमेऱ्यातून सारा देश त्याला पाहत होता. त्यानंतर पडलेली कितीतरी लेकरे वाचली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आदेश दिला की बोअरभोवती कुंपण हवे, तोंडावर पोलादी झाकण हवे आणि सोडून दिलेला बोअर माती-वाळू-दगडांनी तळापासून वरपर्यंत भरला पाहिजे. पोत्याने तोंड बांधून वर दगड ठेवणे म्हणजे बंद करणे नव्हे. लेकरे त्या दगडावरच खेळतात.

राहिला पैशाचा प्रश्न. कॅमेरा प्रत्येकाने विकत घेण्याची वस्तू नाही. फवारणीचा पंप घरोघरी असतो, मळणीयंत्र गावात एखादे, तसा हा दहा-पंधरा गावांत एक पुरतो. शेतकरी गटाने किंवा उत्पादक कंपनीने तो घ्यावा, गावातल्याच दोन शिकलेल्या पोरांना शिकवावे, दर ठरवून पाटीवर लिहावा. ज्या ग्रामपंचायती दर उन्हाळ्यात नव्या बोअरचा ठराव करतात त्यांनी आधी जुन्या बोअरात कॅमेरा सोडल्याचे चित्रण ग्रामसभेत दाखवावे, मग ठरावाला हात वर करावा. आणि पंचायत समितीकडे आपली मागणी राहील की तालुक्याला एक कॅमेरा आणि तो वाचू शकणारा एक माणूस ठेवा. पाण्याच्या योजनांवर होणाऱ्या खर्चात तो कुठेही बसून जाईल.

कळंबच्या बैठकीत या विषयाला दुपारच्या जेवणानंतरची वेळ मागितली आहे. येताना बोअरचे बिल असेल तर बिल आणा, नसेल तर बिल का दिले नाही ते सांगायला या. आधी दोरी टाकून पाण्याची पातळी मोजा, गट क्रमांक आणि तारखेसह कागदावर लिहून आणा. वही आम्ही आणतो, पहिली पाने त्याच दिवशी भरू. ज्यांचे बोअर कोरडे गेले आहेत त्यांनी अवश्य यावे, त्यांचा आकडा सगळ्यात आधी लिहायचा आहे.